तोच टॅब, पुढचा नंबर

आमच्या सोसायटीत मला सकाळी दूध आणायला खाली जायची चोरी झाली आहे. लिफ्टपाशी कोणी ना कोणी गाठतंच. "मंदाताई, तो नवा टॅब आलाय ना, घ्यावा का हो?" अहो, मला रिटायर होऊन दीड वर्ष झालं! डॉक्टरला बागेत गाठून जीभ दाखवतात, तसं मला गाठून मोबाइलवर टॅबचे फोटो दाखवतात. परवा तर अंबरनाथच्या शिवमंदिरात, गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरताना एका बाईने विचारलं. देवासमोर तरी सोडा मला.

उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये एका इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात मी सव्वीस वर्षं काउंटरला उभी होते. मालक हरेशभाई, सिंधी माणूस, जिभेवर साखर आणि डोकं सतत तापलेलं. मी अंबरनाथहून शेअर रिक्षाने यायची, दहाच्या आत शटरपाशी हजर. टेपरेकॉर्डरपासून टॅबपर्यंत सगळं विकलं. पण टॅबने जेवढा जीव खाल्ला तेवढा कशानेच नाही. टीव्ही घेणाऱ्याला टीव्ही बघायचा असतो. मिक्सर घेणारीला चटणी वाटायची असते. टॅब घेणाऱ्याला नक्की काय करायचं असतं, हे त्याला स्वतःला माहीत नसतं.

आता विचारताच आहात तर एकदाच सांगून टाकते. आठ-दहा हजारांतल्या टॅबचं दरवर्षी काय होतं? कंपनी मागच्या वर्षीचाच टॅब घेते. काच तीच, बॅटरी तीच, मागचा कॅमेरा तोच, ज्याने काढलेल्या फोटोत सख्खा भाऊ ओळखू येत नाही. आतली चिप जराशी बरी बसवतात, मेमरी थोडी वाढवतात. मेमरी दोन प्रकारची असते. स्टोरेज म्हणजे फडताळ, किती सामान मावेल ते. रॅम म्हणजे ओटा, एका वेळी किती भांडी मांडून काम करता येईल ते. तर ओटा वीतभर वाढवायचा, खोक्यावर 'अधिक दमदार आवाज' असं छापायचं आणि नावापुढचा आकडा एकाने पुढे सरकवायचा. झाला नवा टॅब!

म्हणजे घ्यावा की नाही? घरात टॅबच नसेल तर नवा घ्या, कारण जुन्या मॉडेलचे अपडेट आधी बंद होतात. घरात मागच्या वर्षीचा असेल आणि चालत असेल तर गप घरी बसा. एवढंच. पण हे ऐकून कोणाचं समाधान होत नाही. लोकांना वाटतं मी काहीतरी लपवते आहे.

बदलापूरला खरवईच्या नव्या टॉवरमध्ये राहणारे एक गृहस्थ होते. बँकेतून निवृत्त, हातात वही. वहीत दोन रकाने, जुना आणि नवा. चार शनिवार आले, आणि येणार कधी? तर बोहनीच्या आधी. दुकानदारीत पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं की मालकाचा दिवस नासतो. हरेशभाई अगरबत्ती लावता लावता माझ्याकडे बघून दात-ओठ खायचे. "दीदी, इनको बारा बजे के बाद बुलाओ ना, साईं!" गृहस्थ शांतपणे दोन्ही टॅब शेजारी ठेवून एकच पान उघडायचे आणि घड्याळ लावायचे. पाचव्या शनिवारी नवा घेतला. आठव्या दिवशी परत हजर. "मंदाताई, दोन्हीचा वेग मला सारखाच वाटतो." मी म्हटलं, "काका, तुम्ही ह्याच्यावर करता काय?" तर म्हणाले, "सकाळी पेपर वाचतो." अहो, पेपर वाचायला वेग लागतो तो तुमचा, टॅबचा नाही!

आमच्याच गल्लीत जीन्स शिवायचा कारखाना असलेला एक शेठ होता. त्याची तक्रार, "टच काम नहीं करता." हातात घेऊन बघते तर कंपनीचं प्लास्टिक तसंच, त्यावर आम्ही लावलेली काच, आणि वरून चेन लावलेला पारदर्शक पाउच. म्हटलं, "शेठ, आप उंगली लगा कहाँ रहे हो?" तर म्हणे, "दीदी, नया रहना चाहिए ना." नवा राहिला खरा. चार वर्षांनी एक्स्चेंजला आला तेव्हाही नवाच होता, कारण वापरलाच गेला नव्हता.

आणि पूजा! मी देवाधर्माच्या विरुद्ध नाही, घरी रोज दिवा लावते. पण दसऱ्याला माझ्या काउंटरवर जे चालायचं त्याने माझं डोकं उठायचं. खोकं उघडायचं, टॅब ताटात ठेवायचा, हळद-कुंकू, अक्षता, वर फुलाने पाणी शिंपडायचं. मग दिवाळीला तेच लोक रांगेत. "चार्जिंग होत नाही." होईल कसं? भोकात तांदळाचा दाणा! मी ड्रॉवरमध्ये एक सुई कायम ठेवलेली होती, फक्त अक्षता काढायला. तोंड दुखेपर्यंत सांगायची, बाबांनो, कुंकू खोक्याला लावा, टॅबला नुसतं फूल वाहा. ऐकेल तर शपथ.

हे सगळं मी हसत-हसत सांगते. आमच्या दुकानातली एक गोष्ट मात्र मी वर्षानुवर्षं छाती फुगवून सांगायची. तीच आता नीट सांगायची आहे.

त्या वर्षी नवरात्र नुकतंच बसलं होतं. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून तिघं आले. काळूराम, भातशेती करणारा, साठीच्या आतबाहेरचा उंच माणूस. त्याची बायको हिराबाई. आणि बदलापूरला नर्सिंग शिकणारी मुलगी रेश्मा. काळूरामच्या घशात गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅडमिट व्हायचं होतं. रेश्माला कोणा सिस्टरने सांगितलं होतं, आवाज आहे तोवर भरून ठेव. टॅबवर एक अ‍ॅप घालायचं, त्यात मोठी मोठी बटणं. एकेका बटणात एकेक वाक्य त्याच्याच आवाजात भरायचं. पुढे बटण दाबलं की माणूस स्वतःच्या आवाजात बोलणार.

मी मागच्या वर्षीचं मॉडेल काढून दिलं. हरेशभाई डोळ्यांनी खुणावत होते, नवा दाखव, नवा दाखव. मी लक्ष दिलं नाही. पाड्यावर नेटवर्क नव्हतं आणि घर काळूरामकाकांना बघायला आलेल्या पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून रेश्मा म्हणाली, "ताई, इथेच कुठे शांत जागा मिळेल?" मी त्यांना माळ्यावर नेलं, खोक्यांच्या गोदामात. रेश्मा बटणांची नावं टाइप करत होती, मी बटण दाबून धरत होते, काका बोलत होते. आवाज घोगरा झालेला, पण मोठा. एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज.

"पानी दे." "भूक नाय." "दुखतंय." "असू दे." "च्या टाक." मग म्हणाले, "हिरे, आलीस कं?" हिराबाई शेजारीच उभी होती, ती लाजली. मग काका रंगात आले. बैलांना हाका मारल्या. "ह्या कुत्र्याला कोनी सोडला रं?" हेही भरून घेतलं, आणि स्वतःच हसले, तर ते हसणंही आत गेलं. रेश्मा एका डोळ्याने रडत होती, एका डोळ्याने टाइप करत होती.

खालून हरेशभाईंची आरोळी आली, "दीदी, नीचे आओ! ग्राहक खड़ा है!" एकदा, दोनदा, तीनदा. सणाचा सीझन, दुकान गच्च, आणि मी माळ्यावर बैलांची नावं भरून घेते आहे. काका परत तोंड उघडणार एवढ्यात मी म्हटलं, "काका, बास आता. खाली दुकान भरलंय. उरलेलं घरी करा." काका तोंड मिटून उठले. जिना उतरताना मला हात जोडले.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! माहेरी सांगितली, हळदी-कुंकवाला सांगितली. एका माणसाचा आवाज आम्ही टॅबमध्ये भरून दिला, आणि तोही जुन्या मॉडेलमध्ये, म्हणून त्यांचे पैसेही वाचवले. 'बास' म्हटलेलं मी कधी सांगितलं नाही. लपवलं नाही, मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

पुढची हकीगत चार वर्षांनंतरची, दुकानातल्या माझ्या शेवटच्या दिवाळीची. काउंटरपुढे पाय ठेवायला जागा नाही. एक बाई पिशवीतून टॅब काढून म्हणाली, "ह्यो घ्या नि नवा द्या. मोठ्या आवाजाचा." मागे एक उंच म्हातारा, गळ्याला उपरणं गुंडाळलेला. मी ओळखलं नाही. सणात मला घरचा माणूस समोर आला तर ओळखू येत नाही.

माझं डोकं आधीच फिरलेलं. म्हटलं, "मावशी, आवाज तेवढाच आहे हो! खोक्यावर लिहितात नुसतं. कशाला पैसे घालवता?"

"नाय ताई, मोठाच पायजे. रविवारी पोरीचा साखरपुडा हाय अंबरनाथला, हॉलमधी. शंभर मानसं येनार. ह्यांचा आवाज शेजारी बसलेल्याला ऐकू जात नाय आता. पोरीनं फोनवर बघितलं, नव्याचा मोठा हाय म्हनली. ती ड्युटीवर हाय म्हनून आमीच आलो. ह्यांनी तर सहा महिने झाले, बोलायचंच सोडलंय. नुसत्या खुना करतात."

हरेशभाईंनी मध्ये तोंड घातलंच. "दीदी, माताजी माँग रही है, दे दो ना. एक्स्चेंज कर दो." आणि फॉर्म भरायला घेतला सुद्धा.

एक्स्चेंजची एक पद्धत असते. आलेला टॅब आधी तपासायचा. काच, कॅमेरा, चार्जिंग, आवाज. मग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आतलं सगळं पुसायचं, त्यांचे फोटो परक्याच्या हातात जाऊ नयेत म्हणून. हे पुसण्याचं काम मी दुसऱ्या कोणाला करू द्यायची नाही, तेवढा माझा मान होता. तर काच बघितली, कॅमेरा बघितला, चार्जिंग बघितलं. आवाज बघायला स्क्रीनवरचं पहिलं दिसलं ते बटण दाबलं.

विहिरीच्या तळातून आल्यासारखा बारीक आवाज आला. "हिरे, आलीस कं?"

बाई पाठ करून मिक्सर बघत होती. वळली नाही. तशीच म्हणाली, "आले, आले."

मान वर करून बघितलं तर म्हातारा माझ्याकडे बघून हसत होता. त्याने मला कधीच ओळखलं होतं. पुसायला मला आणखी चार बटणं दाबावी लागली असती, बस्स. आणि ते अ‍ॅप आता मिळतही नव्हतं, कंपनीने कधीच बंद केलेलं. आवाज आपोआप नव्यात जाईल असं मावशीने धरलेलं, पण नव्या टॅबवर त्यातलं काही गेलं नसतं. हरेशभाईंच्या हातातला फॉर्म मी ओढूनच घेतला.

"क्या हुआ दीदी?"

"कुछ नहीं हुआ. ये नहीं बिकेगा."

मग टॅब आडवा करून उजेडात धरला. टॅबच्या कडेला बारीक भोकांची ओळ असते, आवाज तिथून बाहेर येतो. ती ओळ लालभडक! भोकं दिसतच नव्हती. सुईने खरवडलं तर पापुद्रा निघाला, मातीसारखा घट्ट.

माझा तोल गेला. "हे काय आहे मावशी? कुंकू? अहो, टॅबला कुंकू लावतात का?"

"रोज लावते," हिराबाई शांतपणे म्हणाली. "देवाला लावून झालं का ह्याला. वल्या बोटानं."

"पण इथे? नेमकं इथे? काचेला लावायचं, पाठीला लावायचं!"

"बोलतात तिथूनच ना ते? तोंड तितंच हाय त्यांचं. मग तितंच लावनार ना?"

चार वर्षं ही बाई नवऱ्याच्या आवाजाला रोज सकाळी कुंकू लावत होती, आणि रोज तो आवाज थोडा थोडा बुजत होता. शेवटी त्याने बोलणंच सोडलं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग आधी बाहेर पडला. मी तिला भर दुकानात झाडलं. दसऱ्याचे तांदळाचे दाणे, पाणी, फुलं, सगळ्यांच्या वाटचं तिलाच ऐकवलं. ती ऐकत राहिली. काकांनी खाली बघितलं.

मग मी स्टूल ओढून बसले. रांग उभी राहू दे म्हटलं. मऊ ब्रश, सुई, चिमटा, हवा मारायचा रबरी फुगा. पाठ उघडली, स्पीकरची जाळी सोडवली. ओलं अजिबात लावायचं नाही, सगळं कोरडं, एकेक भोक. अर्धा तास गेला. हरेशभाई दोनदा येऊन सुस्कारा टाकून गेले, पण तिसऱ्यांदा आले तेव्हा काकांसाठी खुर्ची घेऊन आले.

पाठ बसवली आणि बटण दाबलं.

"च्या टाक!"

सगळं दुकान दचकलं. फ्रिज बघणारं एक कुटुंब वळून बघायला लागलं. मी दुसरं दाबलं. "ह्या कुत्र्याला कोनी सोडला रं?" आणि मग ते हसणं, माळ्यावरचं, जसंच्या तसं. रांगेतली माणसं हसायला लागली. हिराबाईने पदर तोंडाला लावला. काका खुर्चीतून उठून काउंटरला आले आणि टॅबकडे असे बघत राहिले की जणू हा माणूस कोण ते त्यांना आठवायचं होतं.

मला चेव चढला. म्हटलं, एक बटण सोडायचं नाही, रविवारी हॉलमध्ये फजिती नको. ओळीने दाबत गेले. पाणी, भूक, दुखणं, बैल. सगळी खणखणीत. आले शेवटच्या ओळीत, शेवटच्या बटणावर. त्याच्यावर रेश्माने टाइप केलेलं होतं, 'लेकीच्या लग्नात'. दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. आवाज पूर्ण वाढवला, परत दाबलं. टॅब बंद करून चालू केला. माझा पारा परत चढला. "ह्याला काय झालं आता? बाकी सगळी बोलतात आणि नेमकं हेच नाही!" ब्रश घेऊन परत ती भोकं झाडायला लागले. बटण न वाजण्याचा आणि कुंकवाचा काही संबंध नसतो हे मला कळत नव्हतं का? पण हात थांबेना.

हिराबाईने माझ्या मनगटाला हात लावला.

"त्यात नाय कायी, ताई," ती म्हणाली. "त्या दिशी तुमी बास म्हनलात ना, मंग ते ऱ्हायलं. घरी पावनी होती भरलेली, नि सकाळी अ‍ॅडमिट केलं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रिक्षा कुठून सुटते हे सांगावं तसं सांगितलं तिने.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सव्वीस वर्षं येईल त्याला विचारत आले, काय करणार तुम्ही ह्याच्यावर, कशाला हवाय? आणि ज्या एका माणसाला विचारायला हवं होतं, काका, अजून काय बोलायचंय, त्याला मी गप्प केलं. दोन मिनिटं लागली असती. खाली तेव्हा कोण गिऱ्हाईक उभं होतं, त्याने काय घेतलं, मला आज आठवतही नाही. नवं मॉडेल, जुनं मॉडेल, ओटा, फडताळ, सगळं माझ्या तोंडपाठ. त्या बटणात भरायचं वाक्य मात्र आता कुठल्याच दुकानात मिळणार नव्हतं.

"काका..." मी म्हटलं.

काकांनी टॅब माझ्या हातातून स्वतःकडे ओढून घेतला. सहा महिन्यांत ज्याला हात लावला नव्हता त्या स्क्रीनवर बोट फिरवत ते वरच्या ओळीत गेले, चष्मा नाकावर सरकवला, एक बटण शोधलं. माझ्याकडे बघितलं आणि दाबलं. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

"असू दे."